घर विकायची गरज असलेल्या मालकापर्यंत जाहिरात कशी पोचवायची? ठाण्यातल्या छोट्या गुंतवणूकदारासाठी

ठाण्यात फ्लॅट विकायला काढणाऱ्यांचे ढोबळमानाने दोन गट पडतात. पहिल्याला मनासारखा भाव हवा असतो आणि तो येईपर्यंत थांबायची तयारी असते. त्यांचे फ्लॅट पोर्टलवर महिनोन् महिने दिसतात, एजंटांच्या ग्रुपवर फिरत राहतात. त्यांना गुंतवणूकदाराची गरज नाही. दुसऱ्या गटाला भावाइतकंच आणखी काहीतरी हवं असतं. ठरलेल्या तारखेला पैसे हवेत, किंवा कागदपत्रांचा गुंता निस्तरणारं कोणीतरी हवं, किंवा नवं घर ताब्यात येईपर्यंत जुन्यातच राहू द्यावं अशी अट असते. ते मिळत असेल तर भावात थोडं खाली यायला ते तयार होतात. जुने फ्लॅट घ्यायचे, दुरुस्त करायचे आणि विकायचे किंवा भाड्याने द्यायचे, हा धंदा करणाऱ्याचं पोट या दुसऱ्या गटावर चालतं. एजंट त्यांना ‘गरजू पार्टी’ म्हणतात.

अशा मालकांना जाहिरातीने शोधायची पद्धत अमेरिकेत रुजलेली आहे. तिथे बहुतेक ठिकाणी घर कोणाच्या नावावर, कर कोणाचा थकलाय, मालकाचा पत्ता काय, हे सरकारी दप्तरात कोणालाही बघता येतं. त्यावरून याद्या तयार होतात, विकल्या जातात, आणि त्या पत्त्यांवर पत्रं जातात. चौकाचौकांत ‘आम्ही घरं विकत घेतो’ असे फलक लागतात. यूट्यूबवर हे सगळं बघून ठाण्यात तसंच करायला गेलं की गाडं अडतं. आपल्याकडे नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर एखाद्या मिळकतीचा इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या व्यवहाराचा उतारा, बघता येतो, पण अडचणीत असलेल्या मालकांची यादी कुठेच मिळत नाही. शिवाय इथे सुटी घरं नाहीत, सोसायट्या आहेत. तिसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाची ओढाताण रस्त्यावरून दिसत नाही. त्यामुळे मालकाने आपणहून फोन करावा अशी व्यवस्था करणं, एवढंच आपल्या हातात उरतं.

मालक फोन कधी करेल? जाहिरातीत त्याला स्वतःची अडचण दिसली तर. म्हणून आधी अडचणी नीट समजून घ्यायला हव्यात.

ठाणे आणि नवी मुंबईत वारंवार दिसणारी एक परिस्थिती आहे लिफ्ट नसलेल्या इमारतींची. चरई, नौपाडा, पाचपाखाडीतल्या जुन्या चार मजली इमारती, तसंच वाशी-नेरूळमधल्या सिडकोच्या जुन्या वसाहती. चाळिशीत हौसेने घेतलेलं तिसऱ्या मजल्यावरचं घर सत्तरीत चढवत नाही. या माणसांना घाई बिलकुल नसते. उलट विकल्यानंतर चार-सहा महिने तिथेच राहायला मिळावं, तोवर लिफ्टवाली जागा बघता यावी, अशी त्यांची इच्छा असते. त्यांना ‘झटपट विक्री’चं आमिष दाखवलं तर ते घाबरून लांब पळतात.

याच्या अगदी उलट स्थिती असते घोडबंदर रोडला कासारवडवली, ओवळ्याकडे मोठं घर घेतलेल्या कुटुंबाची. नव्या घराचा हप्ता सुरू झालाय, जुन्या घराचा संपलेला नाही, आणि जुनं विकलं गेलं तरच दोन्हीचा मेळ बसणार आहे. यांना दर महिना जड जातो. त्यांना तारीख हवी.

तिसरी परिस्थिती थकलेल्या कर्जाची, आणि इथे वेळेचा हिशोब कडक असतो. सरफेसी, म्हणजे थकलेल्या कर्जासाठी बँकेला तारण घर ताब्यात घेऊन विकू देणाऱ्या कायद्याखाली, बँक आधी ६० दिवसांची मागणी नोटीस देते. ती मालकाच्या हातात पडते, सहसा पेपरात येत नाही. पैसे भरले नाहीत तर ताब्याची नोटीस दोन वर्तमानपत्रांत छापावी लागते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. पुढे लिलावाची नोटीस निघते. ती प्रसिद्ध होईपर्यंतच सगळी थकबाकी आणि खर्च भरून घर सोडवून घेण्याचा हक्क मालकाला असतो. लिलावात जो भाव येतो तो बहुधा मालकाच्या मर्जीचा नसतो. म्हणून मागणी नोटीस आल्यावर, बँकेला विश्वासात घेऊन, स्वतः विक्री करणं मालकाच्या हिताचं ठरतं. पण त्या ६० दिवसांत माणूस लाजेने कोणाशी बोलत नाही. नातेवाईक, शेजारी, एजंट सगळ्यांपासून लपवतो. त्याच्यापर्यंत पोचायला जाहिरातीखेरीज दुसरी वाट क्वचितच असते, आणि म्हणूनच त्या जाहिरातीची भाषा सभ्य असणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

चौथी परिस्थिती वारसांची. त्याबद्दल पुढे सविस्तर बोलू, कारण सर्वात जास्त गुंते तिथेच असतात.

आता हिशोब. तो आधी न करता जाहिरात देणारे पुढे कात्रीत सापडतात. समजा, दुरुस्तीनंतर एक फ्लॅट १ कोटीला विकला जाईल असा तुमचा अंदाज आहे. तुम्ही तो १५ टक्के खाली, ८५ लाखांना घेतला. ठाण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ५ लाख ९५ हजार. नोंदणी फी ३० हजार. सोसायटीचं हस्तांतर अधिमूल्य (ट्रान्स्फर फी) महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५ हजार. वकील, टायटल सर्च (मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी) वगैरे धरू २५ हजार. दुरुस्ती ४ लाख. हातात ठेवायच्या काळातलं व्याज आणि मेंटेनन्स ३ लाख. विकताना एजंटाचा १ टक्का, म्हणजे १ लाख. बेरीज ९९ लाख ७५ हजार. वर्षभर पैसे आणि डोकं अडकवून हातात उरले २५ हजार, तेही आयकराआधी. खरेदी फक्त महिलेच्या नावावर केली तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, म्हणजे ८५ हजार वाचले. तरी गणित तेच.

म्हणजे पुन्हा विकायचं तर ७८ लाखांच्या आसपास खरेदी व्हायला हवी. तिथे दुसरी भिंत उभी असते, ती रेडी रेकनरची, म्हणजे सरकारने ठरवलेल्या मिळकतीच्या दरांची. समजा त्या फ्लॅटचं सरकारी मूल्य ९० लाख आहे. मुद्रांक शुल्क ७८ वर नाही, ९० लाखांवर भरावं लागेल. आणि सरकारी मूल्य खरेदी किमतीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त असल्यामुळे मधले १२ लाख तुमचं उत्पन्न धरून त्यावर आयकर लागू शकतो. विकणाऱ्याचा भांडवली नफाही ९० लाख मिळाले असं धरूनच मोजला जाईल. ‘स्वस्तात मिळालं’ असं वाटणारा व्यवहार दोन्ही बाजूंना महाग पडतो.

या आकडेमोडीतून दोन गोष्टी निघतात. पुन्हा विकण्याच्या हेतूने घेतलेला फ्लॅट बाजारभावाच्या बराच खाली मिळायला हवा, आणि एवढं खाली यायला फार थोडे मालक राजी असतात. भाड्याने देण्यासाठी ठेवून घेणाऱ्याला इतकी सूट लागत नाही, त्यामुळे त्याला जास्त घरं जमतात. कोणत्याही वाटेने गेलात तरी ‘सर्वोत्तम भाव देऊ’ असं जाहिरातीत लिहिणं खोटं आहे. तो भाव तुम्ही देऊ शकत नाही.

तरी बहुतेक पत्रकांवर नेमकं तेच असतं. स्टेशन परिसरात खांबांवर चिकटलेल्या कागदांचा नमुना ठरलेला आहे: ‘फ्लॅट विकायचाय? २४ तासांत रोख! बेस्ट प्राइस!’ आणि खाली मोबाइल नंबर. तिन्ही आश्वासनं टिकत नाहीत. सोसायटीची एनओसी, बँकेचं फोरक्लोजर लेटर (कर्ज पूर्ण फेडायला किती रक्कम लागेल ते सांगणारं पत्र), वकिलाची जाहीर नोटीस यातच आठवडे जातात. ‘कोणाचा दावा असल्यास १४ दिवसांत कळवावे’ ही पेपरातली चौकट आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे. मिळकतीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेणं आयकर कायद्याला मान्य नाही आणि दंड घेतलेल्या रकमेइतका होऊ शकतो. म्हणजे रोखीचं आमिष दाखवून आपण विकणाऱ्यालाच खड्ड्यात ढकलतो. आणि खांबावर कागद चिकटवणं हा महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायदा, १९९५ खाली गुन्हा आहे. आयुष्यभराची कमाई ज्या घरात आहे ते घर माणूस असा कागद वाचून कोणाच्या हवाली करेल?

लिफ्ट नसलेल्या इमारतींसाठी मी असं पत्रक लिहीन:

‘चरई, नौपाडा, पाचपाखाडीत लिफ्ट नसलेल्या इमारतीत तुमचा फ्लॅट आहे आणि जिने चढणं अवघड झालंय? मी असे फ्लॅट स्वतः विकत घेतो. मी एजंट नाही. माझा दर बाजारभावापेक्षा कमी असतो. का कमी, त्याचा हिशोब लेखी देतो. पूर्ण रक्कम बँकेतून. नवी जागा मिळेपर्यंत सहा महिने तुम्ही तिथेच राहू शकता, ही अट करारात लिहून देतो. कृपया मुलांशी आणि तुमच्या वकिलांशी बोलून मगच फोन करा. वेळ संध्याकाळी ५ ते ८.’

यावर फोन कमी येतात. पण जे येतात त्यांनी दर कमी असणार हे वाचलेलं असतं, त्यामुळे पहिल्या भेटीतली अर्धी खडाजंगी वाचते. ‘मुलांशी बोला’ हे वाक्य धंद्याच्या विरुद्ध वाटेल. तसं नाही. मुलांना अंधारात ठेवून झालेला व्यवहार नोंदणीच्या आदल्या दिवशी मोडतो, आणि मोडला नाही तर मागाहून कोर्टात जातो. दोन हप्त्यांच्या ओढाताणीतल्या कुटुंबासाठी पत्रक वेगळं हवं. तिथे तारीख हा मजकुराचा कणा. कर्ज चालू असलं तरी व्यवहार होतो, बँकेची रक्कम थेट बँकेत भरली जाते, आणि कर्ज पूर्ण फिटल्यावर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० दिवसांत मूळ कागदपत्रं परत मिळायला हवीत, उशीर झाला तर बँकेला दिवसाला ५ हजार रुपये भरपाई द्यावी लागते, एवढी माहिती दिली तरी वाचणाऱ्याला हा माणूस जाणकार आहे हे कळतं. एकाच पत्रकात सगळ्यांना गाठायचा प्रयत्न केला की ते कोणाचंच राहत नाही.

कुठे द्यायची?

ठाण्यात अजूनही सर्वात कामाचं माध्यम म्हणजे पेपरमध्ये घातलेलं पत्रक. पहाटे स्टेशनबाहेर किंवा नाक्यावर पेपरवाले पुरवण्या लावत बसलेले असतात, त्यांच्याशी बोलून नेमक्या कोणत्या इमारतींत पत्रक जावं हे ठरवता येतं. संपूर्ण शहरभर वाटण्यापेक्षा दोन गल्ल्या निवडा आणि तिथे दर महिन्याला द्या. कारण अडचण तिच्या वेळेला येते, तुमच्या पत्रकाच्या वेळेला नाही. आज कचऱ्यात गेलेला कागद चार महिन्यांनी, गुडघ्याचं ऑपरेशन ठरल्यावर, आठवतो. एकदाच मोठा खर्च करण्यापेक्षा वर्षभर छोटी जाहिरात चालू ठेवणं याच कारणाने परवडतं. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर सेक्रेटरींची परवानगी घेऊन लावलेला कागद आणि गणेशोत्सव मंडळाच्या अहवालातली पाव पान जाहिरात हीसुद्धा त्याच कामाची. घरात अहवाल पुढच्या गणपतीपर्यंत सापडतो.

ऑनलाइनमध्ये गुगलची जाहिरात आणि फेसबुकची जाहिरात यांत फरक करायला हवा. गुगलवर माणूस स्वतः काहीतरी शोधत असतो. ‘नॉमिनी फ्लॅट विकू शकतो का’, ‘लोन असलेला फ्लॅट कसा विकायचा’ असं शोधणाऱ्याची अडचण त्याने स्वतःच टाइप केलेली आहे. त्या प्रश्नांची सरळ, खरी उत्तरं देणारं मराठी पान तयार करा, खाली तुमचा नंबर द्या, आणि जाहिरात फक्त ठाण्यापुरती मर्यादित ठेवा. फेसबुकवर लोक लग्नाचे फोटो बघत असतात, तिथे घर विकायचा विचार नसतो. पण परदेशातल्या किंवा पुण्या-बंगळुरातल्या मुलांपर्यंत जायला ते बरं पडतं, कारण आईवडिलांच्या घराचा निर्णय बऱ्याचदा तेच घेतात. मालक अनिवासी भारतीय असेल तर मात्र विकत घेणाऱ्याने कापायचा टीडीएस निवासी मालकासाठीच्या १ टक्क्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. सीएला विचारल्याशिवाय आकडा बोलू नका.

कुठून तरी फोन नंबरांची यादी मिळवून फोन करत सुटणं टाळा. साध्या दहा आकडी नंबरवरून परवानगीशिवाय जाहिरातीचे कॉल केले तर १९०९ वर तक्रार होते आणि नंबर बंद होऊ शकतो. ज्या माणसाकडे वसुलीवाल्यांचे फोन आधीच येतायत, त्याला आणखी एक अनोळखी फोन नको असतो.

एजंटांना बाजूला ठेवायची चूक करू नका. नाक्यावरच्या इस्टेट एजंटाला इमारतीतल्या घडामोडी तुमच्या कोणत्याही जाहिरातीआधी कळतात. त्याचं ब्रोकरेज ठरल्याप्रमाणे, ठरल्या दिवशी द्या. हीच तिथली तुमची जाहिरात. उलट काही जण मालकाकडून टोकन देऊन घर अडकवतात आणि तोच करार मधला नफा घेऊन तिसऱ्याला देतात. अमेरिकेतून आलेली ही युक्ती इथे मला धोक्याची वाटते. महारेराकडे (राज्याच्या गृहनिर्माण नियामकाकडे) नोंद असलेल्या प्रकल्पातल्या घराची मध्यस्थी एजंट नोंदणीशिवाय करता येत नाही, आणि अकरा हजारांच्या टोकनवर कोणाचं घर तीन महिने अडवून ठेवणं हा सरळ अन्याय आहे.

खर्च किती करावा हे ठरवायला प्रत्येक फोनला ‘नंबर कुठून मिळाला?’ एवढं विचारून वहीत लिहा. महिन्याअखेरीस कोणत्या माध्यमातून किती फोन, त्यातून किती भेटी, हे दिसतं. फोन खूप आणि भेटी शून्य, अशी जाहिरात बंद करा. पितृपक्षात टोकन द्यायला-घ्यायला लोक कचरतात, म्हणून त्या पंधरवड्यातल्या शांततेवरून निष्कर्ष काढू नका. शाळांच्या परीक्षा संपल्या की हालचाल वाढते.

फोन आल्यावर

जाहिरातीचं खरं काम पहिल्या पाच मिनिटांत कळतं. वारसांच्या बाबतीत फोन साधारण असा असतो:

‘नमस्कार, तुमचं पत्रक बघितलं. बाबांचा फ्लॅट आहे चरईला.’

‘बोला ताई. बाबा असतात का तिथे?’

‘नाही हो, बाबा गेले दोन वर्षांपूर्वी. बंदच आहे घर.’

‘फ्लॅट एकट्या बाबांच्या नावावर होता का?’

‘हो. भाऊ नॉमिनी आहे. सोसायटीने शेअर सर्टिफिकेट त्याच्या नावावर करून दिलंय. तो म्हणतो, त्याच्या एकट्याच्या सहीने होईल.’

‘आणि आई?’

‘आई माझ्याकडे असते, नेरूळला.’

हातावर हात मारून ‘भावाची सही पुरे’ म्हणणारे खरेदीदार भेटतात. ते चुकतात. नॉमिनी हा सोसायटीपुरता विश्वस्त असतो, त्यामुळे शेअर सर्टिफिकेटवर नाव लागलं म्हणजे मालकी मिळाली असं होत नाही. हिंदू कुटुंबात, बाबांनी मृत्युपत्र केलं नसेल तर आई, मुलगा आणि मुलगी या तिघांचा सारखा हिस्सा आहे. (आजी हयात असेल तर तिचाही.) तिघांच्या सह्या हव्यात, किंवा दोघांनी नोंदणीकृत हक्कसोड पत्र करून द्यायला हवं. वारसांत कोणी अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालचं, असेल तर त्याच्या हिश्श्याच्या विक्रीला कोर्टाची परवानगी बघावी लागते.

आणि या फोनमध्ये किमतीपेक्षा महत्त्वाची गोष्ट दुसरीच आहे. ताईंना घर पटकन विकायचं नाहीये. आईचा वाटा आईच्या खात्यात जावा, एवढी त्यांची काळजी आहे, आणि भावाशी हे बोलणं त्यांना जड जातंय. ज्याला हे ऐकू येतं तो किमतीची घासाघीस करत बसत नाही. तो सांगतो: किंमत एक ठरवू, रक्कम तीन खात्यांत तीन वेगळ्या आरटीजीएसने जाईल, प्रत्येकाचा आकडा करारात लिहिलेला असेल, आणि हा करार तुमच्या तिघांच्या वकिलाने आधी वाचावा. हा तोडगा पटला तर किमतीतला थोडा फरक कुटुंब मान्य करतं, कारण त्यांना जे हवं होतं ते मिळालेलं असतं.

काही फोन तिथेच थांबवायचे असतात. जाहिरातीला कळवा, मुंब्रा, दिव्याकडून ‘फार स्वस्तात आहे, पण लोन होत नाही’ असे फोन हमखास येतात. लोन होत नाही याचा अर्थ इमारतीला ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) नाही किंवा ती पूर्णच अनधिकृत आहे, असा निघण्याची शक्यता मोठी. ४ एप्रिल २०१३ ला शीळफाट्याला लकी कंपाउंडमधली अनधिकृत इमारत कोसळून ७४ माणसं गेली. तसं घर घेऊन, रंग देऊन कोणा कुटुंबाला विकणं कोणत्याही नफ्यासाठी करू नये. नवी मुंबईत गावठाणातल्या बांधकामांनाही हीच कसोटी लावा. सिडकोच्या भाडेपट्ट्यावरच्या फ्लॅटला सिडकोची हस्तांतर परवानगी आणि शुल्क लागतं, ते कोण भरणार हे पहिल्याच फोनवर बोलून घ्या.

आणि काही मालकांना ‘मला विकू नका’ असं सांगायची वेळ येते. फ्लॅट चांगल्या स्थितीत आहे, कागद स्वच्छ आहेत, सहा महिने थांबायची तयारी आहे, तर त्या मालकाने एजंटामार्फत बाजारात विकणंच योग्य. त्याला तसं स्पष्ट सांगा. सोसायटीत ही गोष्ट पसरते, आणि पुढचा फोन त्याच इमारतीतून येण्याची शक्यता पत्रकापेक्षा जास्त असते.

एक शेवटची बाब छोट्या गुंतवणूकदाराच्या लक्षात राहत नाही. पैसे एका फ्लॅटमध्ये अडकले की जाहिरात थांबवायची. तुमचा नंबर बघून फोन करणाऱ्यांपैकी एखाद्याचे ६० दिवस मोजून चाललेले असू शकतात, आणि तुमच्या ‘बघू, कळवतो’मध्ये त्याचे तीन आठवडे जातात. पेपरवाल्याला पुढचा महिना सोडायला सांगा, ऑनलाइन जाहिरात पॉज करा, नोटीस बोर्डावरचा कागद काढून घ्या. तरी फोन आलाच तर पहिल्या मिनिटात ‘सध्या मी घेऊ शकत नाही’ म्हणा आणि त्या भागातल्या महारेरा नोंदणी असलेल्या एजंटाचा नंबर द्या. नोटीस आली असेल तर त्याच दिवशी शाखेत जाऊन मॅनेजरला लेखी कळवायला सांगा की घर स्वतः विकून कर्ज फेडायची तयारी आहे.